झेडपी शाळेचा पट, निकाल आणि पैसा स्वतः कसा तपासायचा

गावात कुणीही उठतं आणि म्हणतं झेडपीच्या शाळेत आता मुलंच नाहीत, शिकवत नाहीत, आणि पैसा येतो तो जातो कुठे. यातली प्रत्येक गोष्ट आकड्यांनी तपासता येते आणि त्यासाठी साहेब लोकांच्या ओळखीची गरज नाही. मी सहा वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत आहे, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे "शाळेचा हिशोब मागा, सगळे हादरतील" छाप सल्ले वाचून आता खरंच कंटाळलोय, कारण नुसतं मागून काही होत नाही, मागितलेलं वाचता यायला पाहिजे.

आधी शाळेचा यूडायस कोड, म्हणजे सरकारी शाळा-माहिती नोंदणीतला शाळेचा क्रमांक, घ्या. बहुतेक शाळांच्या भिंतीवर रंगवलेला असतो, 11 अंकी, महाराष्ट्रातला 27 ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या साइटवर 'नो युवर स्कूल' मध्ये तो टाकला की शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं. मागच्या तीन वर्षांची कार्डं काढा, एका वर्षाच्या कार्डावरून काही बोलू नका.

पट बघताना एकूण आकडा सोडा, इयत्तावार बघा. पहिलीत 9 आणि चौथीत 21 असतील तर शाळा खालून रिकामी होतेय, मग एकूण पट कितीही बरा दिसू दे. मुली किती, एससी-एसटी-ओबीसी किती, दिव्यांग मुलं किती हेही तिथेच असतं. एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा, हा पट 30 सप्टेंबरचा धरलेला असतो. बीडसारख्या जिल्ह्यात ऊसतोडीला जाणारी कुटुंबं त्यानंतर बाहेर पडतात, त्यामुळे कागदावर 60 आणि जानेवारीत वर्गात 35 असं होऊ शकतं आणि त्यात कुणाची लबाडी असतेच असं नाही. अशा गावात खरा प्रश्न हंगामी वसतिगृह, म्हणजे आईबाप तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवायची सोय, वेळेत सुरू झालं का हा आहे, तो विचारा.

आता पैसा. इथे मी स्वतः आपटलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शाळेच्या हातात येणारा मुख्य पैसा म्हणजे समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान. ते पटाच्या टप्प्यावर ठरतं: 30 पर्यंत पट असेल तर 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार, 251 ते 1000 ला 75 हजार, त्यावर 1 लाख. ही वरची मर्यादा समजा. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी. लाइट बिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, सगळं यातूनच.

समितीतल्या माझ्या पहिल्याच वर्षी पट 104 होता. मी घरी बसून टप्पा बघितला, 50 हजार यायला पाहिजेत, पासबुकात 25 सुद्धा पूर्ण दिसेनात. सभेत उभं राहून सगळ्यांसमोर मुख्याध्यापिका बाईंना विचारलं की बाकीचे पैसे कुठेत, आणि ज्या आवाजात विचारलं तो आरोपच होता. बाई काही बोलल्या नाहीत, पुढच्या सभेला कागद घेऊन आल्या. मंजुरी झाली तेव्हा आदल्या वर्षीच्या यूडायसचा पट धरला होता, तो 97. म्हणजे हक्काचे 25 हजारच, आणि त्यातला दुसरा हप्ता यायचा होता. मी सभेतच माफी मागितली, पण गावात जे बोललं गेलं ते परत घेता आलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून सांगतो, तीन वर्षं कधीही एकत्र कालवू नका: पट ज्या वर्षाचा धरलाय ते वर्ष, अनुदानाचं आर्थिक वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्च, आणि शाळेचं वर्ष जे जूनला सुरू होतं. साध्या वहीत रकाने पाडा. कोणत्या वर्षाचा पट धरला, तो किती, टप्पा कोणता, मंजूर किती, प्रत्यक्ष किती मिळाले आणि कोणत्या तारखेला, खर्च किती. तारखेचा रकाना वगळू नका, कारण पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये आले तर घाईत काहीबाही खरेदी होते आणि त्याचा जाब शाळेला विचारण्यापेक्षा उशिराबद्दल तालुक्याला विचारायला हवा.

दुसरी चूक, दर मुलामागे भागाकार करून दोन शाळांची तुलना. 30 पटाच्या शाळेला मुलामागे 333 रुपये येतात आणि 31 च्या शाळेला 806, एका मुलाच्या फरकाने. 100 ला 250 आणि 101 ला 495. हा टप्प्यांचा खेळ आहे, यावरून कुठली शाळा लाडकी आणि कुठली नावडती असं काही ठरत नाही. आणि शिक्षकांचा पगार यात धरायचा नाही, तो शालार्थ या सरकारी पगार प्रणालीतून थेट त्यांच्या खात्यात जातो, शाळेच्या हातात येतच नाही. पगाराला पटाने भागून "झेडपीचा एक विद्यार्थी सरकारला एवढ्याला पडतो" म्हणणारे लोक लहान वस्तीवरची शाळा बंद करायचा रस्ता मोकळा करतात. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्राथमिकला 60 पर्यंतच्या पटाला 2 शिक्षक धरलेत, तेव्हा 18 मुलांच्या शाळेत मुलामागचा खर्च जास्त दिसणारच, आणि त्या 18 जणांचा हक्क कमी होत नाही.

गणवेश, पोषण आहार हे वेगळे हिशोब, वेगळ्या पानावर लिहा. ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून शाळेला काही दिलं असेल तर ते ग्रामपंचायतीतच कळेल.

निकालाचं थोडक्यात. 4 डिसेंबर 2024 ला झालेलं परख सर्वेक्षण किंवा 2021 चं नॅस, दोन्ही मुलांना कितपत येतं ते बघणारी देशपातळीवरची नमुना सर्वेक्षणं आहेत, निवडक शाळांवरून जिल्ह्याचा अंदाज देतात, तुमच्या शाळेचा निकाल त्यात शोधू नका. शाळेसाठी संकलित चाचण्यांचे गुण वर्गशिक्षकांकडे बघा, आणि टक्केवारी न काढता मुलं मोजा, कारण 14 जणांच्या वर्गात एक मूल म्हणजे 7 टक्के, एक जण आजारी पडला तरी "निकाल घसरला" होतं. सगळ्यात भरवशाचं म्हणजे समितीच्या दोघा-तिघांनी शिक्षकांना सांगून वर्गात बसायचं, प्रत्येक मुलाकडून एक परिच्छेद वाचून घ्यायचा, एक हातच्याची वजाबाकी करून घ्यायची. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मुलांची नावं चारचौघात वाचून दाखवू नका.

कागद मिळत नसतील तर आधी समितीच्या सभेत मागा आणि मागणी इतिवृत्तात लिहून घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात, त्या महिलांना नुसती सही करायला बोलावत असतील तर ते आधी थांबवा, आमच्याकडे खर्चाच्या पावत्या सगळ्यात नीट त्याच तपासतात. तरीही नाहीच मिळाले तर माहिती अधिकार, 10 रुपये फी, एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, नाहीतर अर्ज परत येऊ शकतो. "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका. अमुक आर्थिक वर्षात संयुक्त शाळा अनुदान किती मंजूर, कोणत्या वर्षाच्या पटावर, किती आणि कोणत्या तारखेला वितरित, एवढंच लिहा आणि अर्ज पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका, 30 दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजतात.