विभागात मूल्यमापनाची सवय कशी रुजवावी

गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि नऊ वर्षं तिथली आयक्यूएसी, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, सांभाळते. नवीन समन्वयक भेटले की पहिल्यांदा विचारतात, "मॅडम, फायली कुठून सुरू करू?" फायली राहू द्या. मुलांनी हाताने लिहिलेलं काहीतरी पुढ्यात घ्या आणि विभागातल्या सगळ्यांनी मिळून वाचा.

आमच्याकडे पाण्यातलं क्लोराइड मोजायचं प्रॅक्टिकल असतं. ब्युरेटमध्ये, म्हणजे थेंबाथेंबाने सोडायच्या मापनळीत, सिल्व्हर नायट्रेट, फ्लास्कमध्ये पाणी आणि थोडं पोटॅशियम क्रोमेट. आधी पांढरा साका येतो, क्लोराइड संपलं की विटकरी छटा दिसते. समुद्राचं पाणी फार खारं, म्हणून १० मिली घेऊन ते १०० मिली करायचं आणि शेवटी उत्तराला १० ने गुणायचं. लिटरमागे साधारण १९ ग्रॅम यायला हवं. एका शनिवारी आम्ही चौघं जर्नलं घेऊन बसलो, तर एकामागून एका जर्नलात १.९! गुणायचंच राहिलेलं. बाकी मांडणी स्वच्छ, आणि खाली आमचीच लाल सही, १० पैकी ९. आम्ही वर्षानुवर्षं नेमकं कशाला गुण देत होतो, हे त्या दिवशी कळलं.

मग उद्दिष्ट बदलून लिहिलं. आधीचं होतं, 'विद्यार्थ्याला पद्धत समजेल'. समजलं की नाही हे बघायचं कसं? आता लिहिलं, 'आलेलं उत्तर शक्य आहे का, हे विद्यार्थी कारणासकट सांगेल', आणि त्याला १० पैकी ३ गुण ठेवले. तुमची उद्दिष्टंही अशी लिहा, की मूल काहीतरी करताना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. पुढच्या बॅचला तीन बाटल्या दिल्या: समुद्राचं पाणी, विहिरीचं आणि खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतातलं, जिथे बांधातल्या मानशीच्या दारांतून खाडीचं पाणी आत येतं. मोजण्याआधी खारेपणाचा क्रम लावायला सांगितला. एक मुलगी ब्युरेटपाशीच थांबली. "टीचर, मानशीची दारं उघडली की आमच्या शेतात खारं पाणी भरतं. मग हे विहिरीपेक्षा कमी कसं आलं?" तिची चूक तिनेच शोधली. मला हेच हवं होतं.

निष्कर्ष काढण्याआधी एक गोष्ट मात्र तपासा. आपल्या गोव्यात बरीच मुलं प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पुढे सगळं इंग्रजी होतं. कागदावर अडलेलं मूल तोंडी, आपल्या भाषेत विचारलं तर कधीकधी घडाघडा बोलतं. तिथे रसायनशास्त्र पक्कं असतं, लिहायला शिकवायचं राहिलेलं असतं. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

मुलांचा अभिप्राय सेमिस्टर संपल्यावर घेतला तर देणाऱ्याला त्याचा उपयोग शून्य. आम्ही तो सेमिस्टर चालू असतानाच, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीआधी घेतो. नाव न घालता एक चिठ्ठी, एकच प्रश्न: अजून काय अडतंय? आठवड्याच्या आत वर्गात उभं राहून सांगायचं, काय बदललं, काय बदलता येत नाही आणि का. एकदा सत्तरी तालुक्याकडून येणाऱ्या मुलांनी लिहिलं, की बस उशिरा पोचते आणि प्रॅक्टिकलच्या सुरुवातीच्या सूचना हुकतात. आम्ही त्या सूचना आदल्या दिवशीच्या शेवटच्या तासाला नेल्या. त्यानंतरच्या चिठ्ठ्या लांब यायला लागल्या, कारण कोणीतरी वाचतंय हे मुलांना पटलं.

शिक्षकांची भीती हा सगळ्यात नाजूक भाग. मी पूर्वी ज्या संस्थेत होते, तिथे शिक्षकांच्या नावानिशी निकालांचा तक्ता फलकावर लागला होता. पुढच्या वेळी प्रत्येकाने निवडक चांगल्या वह्या पुढे केल्या आणि सगळे निकाल उत्तम आले. वर्ष फुकट गेलं. म्हणून प्राचार्यांकडून स्टाफ मीटिंगमध्ये बोलून आणि लेखी घ्या, की या वाचनाचा बढतीशी किंवा गोपनीय अहवालाशी संबंध नाही. हे मिळत नसेल तर मिळेपर्यंत थांबा.

नोंद एका पानाची पुरे: काय दिसलं, काय बदललं, कोण करणार, पुन्हा कधी बघणार. नॅकला, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला, पाठवायचा वार्षिक अहवाल याच पानांतून तयार होतो, ऐन वेळी रात्री जागाव्या लागत नाहीत. अभ्यासक्रमातच खोट दिसली तर तेच पान ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळापुढे न्या. जर्नलांच्या झेरॉक्स सोबत असल्या की चर्चा लवकर मुद्द्यावर येते.

चौथा रकाना, 'पुन्हा कधी', कोरा सोडू नका. आमच्या पानावर या वेळी जानेवारीचा दुसरा शनिवार आहे. आलेखांच्या वह्या वाचायच्या आहेत, आणि गणिताच्या सरांनाही बोलावलंय.