अल्फा-सायन्युक्लीनची बीज-प्रवर्धन चाचणी: नमुन्यापासून अहवालापर्यंत

पार्किन्सन, ल्युई बॉडी डिमेन्शिया आणि मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफी या तिन्ही विकारांत अल्फा-सायन्युक्लीन या १४० अमिनो आम्लांच्या प्रथिनाची घडी चुकते आणि त्याचे तंतू मेंदूत साचतात. मेंदूच्या पेशींत दिसणाऱ्या ल्युई बॉडी या गोळ्यांमध्ये हेच प्रथिन असते हे १९९७ साली दिसून आले; परंतु रुग्ण हयात असताना ते पाहण्याचा मार्ग त्यानंतर बराच काळ नव्हता. मेरुद्रवातील (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातील) एकूण अल्फा-सायन्युक्लीन मोजून निदानाला फारशी मदत होत नाही, कारण त्यातील बहुतांश प्रथिन निरोगी घडीचे असते. बिघडलेल्या तंतूचा सूक्ष्म तुकडा, म्हणजेच ‘बीज’, निरोगी रेणूंना आपल्यासारखी घडी घ्यायला लावतो, आणि या गुणाचाच उपयोग करून अत्यल्प बीज मोजता येण्याइतके वाढवणे हे बीज-प्रवर्धन चाचणीचे तत्त्व आहे. ही पद्धत प्रथम प्रायॉन रोगांसाठी, म्हणजे प्रायॉन या प्रथिनाची घडी बिघडून पसरत जाणाऱ्या मेंदूच्या रोगांसाठी, विकसित झाली.

पहिली काळजी नमुन्याची घ्यावी. कमरेतून काढलेला मेरुद्रव पॉलिप्रोपिलीनच्या नळीत घ्यावा, कारण इतर पृष्ठभागांना प्रथिन अधिक चिकटते. सुई टोचताना रक्त मिसळले असेल तर तो नमुना बाजूला ठेवावा. रक्तातील घटक प्रवर्धन रोखतात आणि बीज असूनही निकाल नकारात्मक येऊ शकतो. द्रव सेंट्रिफ्यूज करून लहान भागांत विभागावा आणि उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावा, म्हणजे एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवण्याची वेळ येत नाही.

त्यानंतरचा, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक, भाग म्हणजे अभिक्रियेसाठी लागणारे शुद्ध प्रथिन. जिवाणूंमध्ये तयार केलेले हे प्रथिन पूर्णपणे सुट्या रेणूंच्या रूपात असले पाहिजे. साठवणुकीत त्यात थोड्या जरी गुठळ्या झाल्या, तरी कोणतेही बीज न घालता ते स्वतःहून तंतू बनवू लागते आणि निरोगी व्यक्तीचा नमुनाही सकारात्मक दिसतो. म्हणून वापरण्याच्या दिवशी, प्लेट भरण्याच्या अगदी आधी, ते १०० किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचे एकक) गाळणीतून गाळावे: साधारण १४.५ किलोडाल्टनचा सुटा रेणू पार होतो आणि मोठे पुंजके वर राहतात. प्रथिनाचा प्रत्येक नवा साठा रुग्णांच्या नमुन्यांना लावण्यापूर्वी माहीत असलेल्या सकारात्मक आणि नकारात्मक नमुन्यांवर तपासावा, आणि तो कसोटीला उतरला नाही तर कितीही खर्चिक असला तरी टाकून द्यावा.

प्रसिद्ध झालेल्या एका प्रचलित कार्यपद्धतीत ९६ वेलच्या (वेल म्हणजे प्लेटमधील छोटा खळगा) प्लेटमधील प्रत्येक वेलमध्ये ०.८ मिलिमीटरचे सहा सिलिका मणी, १५ मायक्रोलिटर मेरुद्रव आणि ८५ मायक्रोलिटर अभिक्रिया-मिश्रण असते. मिश्रणात पीएच ८ चे फॉस्फेट बफर, १७० मिलिमोलर मीठ, मिलिलिटरमागे ०.१ मिलिग्राम प्रथिन आणि १० मायक्रोमोलर थायोफ्लेविन-टी हे रंगद्रव्य असते. प्लेट घट्ट बंद करून ४२ अंशांवर एक मिनिट हलवणे आणि एक मिनिट विश्रांती असे चक्र चालवतात. हलवण्याने वाढणारे तंतू तुटतात आणि त्यांची नवी टोके उघडी होतात, म्हणून वाढीचा वेग वाढत जातो. थायोफ्लेविन-टी तंतूंना चिकटल्यावर तीव्र प्रकाश देते; यंत्र सुमारे ४५० नॅनोमीटरवर ते उद्दीपित करून ४८० नॅनोमीटरच्या आसपास उत्सर्जन मोजते. एका कार्यपद्धतीतील तापमान, मणी किंवा प्रथिनाचे प्रमाण दुसरीत सरमिसळ करून वापरू नये. यांपैकी एक गोष्ट बदलली तरी प्रमाणीकरण नव्याने करावे लागते.

प्रत्येक नमुना किमान तीन किंवा चार वेलमध्ये लावावा, आणि त्याच प्लेटवर सकारात्मक नियंत्रण (बीज असल्याचे माहीत असलेला नमुना), नकारात्मक नियंत्रण (बीज नसल्याचे माहीत असलेला नमुना) व केवळ मिश्रण असलेले वेल असावेत. प्रकाशाची उंबरठा-पातळी आणि किती तासांपर्यंतचे वाचन ग्राह्य धरायचे हे दोन्ही आधीच लिहून ठेवावे, कारण पुरेसा वेळ दिला तर बीज नसलेले वेलही अखेर उजळतात. चार वेलच्या पद्धतीत दोन किंवा अधिक वेल उंबरठा ओलांडतील तर निकाल सकारात्मक धरतात. एकच ओलांडला तर चाचणी पुन्हा करावी. नकारात्मक नियंत्रण उजळले तर त्या प्लेटवरील एकही निकाल देऊ नये, मग कितीही रुग्ण वाट पाहत असोत.

प्रयोगाअंती तयार झालेले तंतू स्वतःच बीज असतात. नमुने भरण्याच्या टेबलावर वापरलेली प्लेट उघडू नये, आणि पृष्ठभाग एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) या डिटर्जंटच्या एक टक्का द्रावणाने पुसावेत.

अहवाल लिहिताना चाचणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते हे विसरू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,१२३ जणांच्या अभ्यासात पार्किन्सनच्या ८७.७ टक्के रुग्णांत ती सकारात्मक आली, आणि निरोगी गटातील ९६.३ टक्के लोकांत नकारात्मक. मात्र एलआरआरके२ जनुकातील दोषामुळे आजार झालेल्यांत सकारात्मक येण्याचे प्रमाण ६७.५ टक्केच होते. म्हणजे पार्किन्सनची लक्षणे असूनही मेरुद्रवात बीज सापडत नाही, असे रुग्ण खरोखर आहेत. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रोफीतील तंतूंची घडी ल्युई बॉडीतील तंतूंपेक्षा वेगळी असते, त्यामुळे काही पद्धतींत तिचा प्रकाशाचा आलेख कमी उंचीवर स्थिरावतो, तर काहींत निकाल नकारात्मकच येतो. सकारात्मक निकालावरून पार्किन्सन आणि ल्युई बॉडी डिमेन्शिया यांत भेद करता येत नाही. आलेख किती लवकर चढला यावरून आजाराची तीव्रताही सांगू नये. अहवालात ‘पार्किन्सन आहे’ किंवा ‘नाही’ असे न लिहिता ‘अल्फा-सायन्युक्लीनचे बीज आढळले’, ‘आढळले नाही’ किंवा ‘निष्कर्ष काढता आला नाही’ यांपैकी एकच विधान करावे, सोबत वापरलेली कार्यपद्धती व नमुन्याची स्थिती नोंदवावी, आणि निदान रुग्णाला तपासणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञावर सोपवावे.