इटालियन हॉटेलात ऑर्डर देताना

जळगाव-धुळ्याहून पुण्या-मुंबईला गेलं की मुलं इटालियनचा हट्ट धरतात. घरात कडक शाकाहार असेल तर मेनूतल्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. अस्सल इटालियन पार्मेजान चीजसाठी वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, वापरतात. तेच चीज पेस्टो सॉसमध्येही जातं. ‘रेनेट शाकाहारी आहे का?’ असं सरळ विचारा. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, पाकिटातल्या सुक्यात सहसा नसतं. तिरामिसूत अंडं, पन्ना कोटात प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन. गोडाचा मोह आवरलेलाच बरा.

शेवभाजीला सरावलेल्या जिभेला व्हाइट सॉस अळणीच लागणार. आराबियाता किंवा आल्यो ओल्यो पास्ता मागवा, दोन्हींत लसूण आणि लाल मिरची असते. तिखट वाढवायचं तर ऑर्डर देतानाच सांगा. तेलात परतलेल्या मिरचीचा स्वाद सॉसभर उतरतो, वरून भुरभुरलेले चिली फ्लेक्स नुसते झोंबतात.

पास्ता आतून किंचित कडक येतो, तो कच्चा नसतो. आजी-आजोबांसाठी ‘दोन मिनिटं जास्त उकळा’ हेही आधीच सांगायचं. सॉस घातलेली प्लेट परत पाठवली तर सॉस आटून पास्त्याचा गोळा होतो.