लेसरखाली कॉर्निया: या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी

लेसर मायक्रोस्कोपने कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, चित्रं टिपण्याच्या या विषयात प्रकल्प किंवा पीएचडी करू इच्छिणारे बहुतेक जण मला आधी लेसरबद्दल विचारतात: कुठला घेता, पॉवर किती, शिकायला वेळ किती लागतो. लेसर चालवायला हात लवकर बसतो. निरोगी कॉर्निया ओळखायला मात्र त्याहून कितीतरी जास्त काळ द्यावा लागतो, आणि तो पक्का ओळखता येत नसेल तर आजारी कॉर्नियाबद्दलच्या कुठल्याही निष्कर्षाला आधार राहत नाही.

तंत्र थोडक्यात सांगते. फेमटोसेकंद लेसरचे अतिशय छोटे स्पंद साधारण 800 नॅनोमीटर तरंगलांबीवर नमुन्यात एका बिंदूवर केंद्रित करायचे. तिथे कोलॅजेन, म्हणजे कॉर्नियाची बांधणी करणारं तंतुमय प्रथिन, असेल तर ते बरोबर अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे 400 नॅनोमीटरचा प्रकाश परत देतं. याला सेकंड हार्मोनिक जनरेशन म्हणतात. तरंगलांबी 740च्या आसपास आणली की पेशींमधलं एनएडीएच (ऊर्जानिर्मितीतला एक रेणू) दोन फोटॉन एकदम शोषून स्वतःहून मंद चमकू लागतं. रंग लावायला नको, पातळ काप घ्यायला नकोत. दोन फोटॉन एकाच वेळी शोषले जाऊ शकतात, हे मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 मध्येच गणिताने दाखवलं होतं. त्यावर चालणारा लेसर मायक्रोस्कोप डेन्क, स्ट्रिकलर आणि वेब यांनी 1990 मध्ये मांडला.

खरं काम नमुन्यापासून सुरू होतं. संशोधनाला मिळणारे निरोगी कॉर्निया नेत्रपेढीतून येतात, प्रत्यारोपणाला वापरता न येणारे. कुणीतरी दिलेला डोळा आहे तो. एकही नमुना तयारीच्या अभावी वाया जाता कामा नये, असं मला मनापासून वाटतं. मृत्यूनंतर एन्डोथेलियमचा, म्हणजे सर्वांत आतल्या पेशींच्या थराचा, पाणी बाहेर टाकणारा पंप मंदावतो आणि स्ट्रोमा, म्हणजे मधला जाड थर, पाणी शोषून फुगतो. एरवी मध्यभागी सुमारे 540 मायक्रॉन असणारी जाडी बरीच वाढते, कोलॅजेनचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मागच्या बाजूला घड्या पडतात. चित्रात या घड्या गडद, नागमोडी पट्ट्यांसारख्या दिसतात आणि नवख्याला हमखास आजाराची खूण वाटतात. म्हणून आधी पाणी ओढून घेणाऱ्या डेक्स्ट्रानच्या द्रावणात ठेवून सूज उतरवायची, जाडी मोजायची, नोंदवायची आणि मगच मायक्रोस्कोपखाली न्यायचं. कव्हरस्लिप दाबून वक्र नमुना सपाट करायचा मोह टाळा. त्या दाबानेही घड्या पडतात.

दुसरी गोष्ट ध्रुवीकरणाची, म्हणजे प्रकाशलहरी कुठल्या दिशेत कंप पावतात याची. लेसरच्या ध्रुवीकरणाच्या दिशेतले तंतू उजळ दिसतात, आडवे तंतू अंधारात जातात. एखादा थर गायब दिसला तर नमुना 90 अंश फिरवा आणि तीच जागा पुन्हा टिपा. बऱ्याचदा तो थर लख्ख उजळतो आणि शेजारचा विझतो. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की कुठलंही एकटं चित्र पुरावा म्हणून पुढे करवत नाही.

आजारांपैकी केराटोकोनस, ज्यात कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो, खूप अभ्यासला जातो. निरोगी कॉर्नियात पुढच्या भागातले कोलॅजेनचे पट्टे एकमेकांत विणलेले असतात आणि त्यातले काही तिरपे वर जाऊन पृष्ठभागाच्या पेशींखालच्या बोमन थरात रुततात. मागचे पट्टे रुंद आणि जवळपास समांतर असतात. केराटोकोनसमध्ये ही पुढची वीण विरळ होते आणि बोमन थरात खंड दिसतात. पण हे नमुने प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेत काढलेले, म्हणजे आजार खूप पुढे गेलेल्या डोळ्यांचे असतात. आजार सुरू कसा झाला हे त्यांवरून सांगता येत नाही. शिवाय असे रुग्ण बहुधा तरुण असतात आणि नेत्रदाते वयस्क, तेव्हा वयाचा फरक आजाराच्या माथी मारला जाणार नाही याची काळजी घ्या.

रुग्णांमध्ये राहून काम करायचं असेल तर जिवंत डोळ्यावरची कन्फोकल मायक्रोस्कोपी, म्हणजे एका वेळी एकाच खोलीवरचा पातळ थर टिपणं, हा वेगळा रस्ता आहे. रोस्टॉक कॉर्निया मॉड्यूल हे त्यासाठीचं उपकरण 670 नॅनोमीटरच्या लेसरने 400 बाय 400 मायक्रॉनचा तुकडा दाखवतं. अकांथअमीबा या संसर्ग करणाऱ्या एकपेशीय जीवाचे सिस्ट (कवचबंद रूप), बुरशीचे धागे, मधुमेहात विरळ होणाऱ्या नसा त्यात दिसतात. ऑप्टोमेट्री किंवा वैद्यकीय शिक्षण झालेल्यांना हा मार्ग जवळचा वाटेल. भौतिकशास्त्रवाल्यांनी पहिला, फेमटोसेकंद लेसरचा मार्ग धरावा, पण ऊतिशास्त्र नीट वाचून.

सुरक्षेबाबत अजिबात ढिलाई नको. 800 नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जेमतेम फिकट लाल दिसतो, म्हणून तो दुबळा वाटतो. प्रत्यक्षात हा चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गाचा लेसर आहे. अंगठी, घड्याळ बाहेर, त्या तरंगलांबीचा चष्मा डोळ्यांवर.

लॅब निवडताना दोन प्रश्न जरूर विचारा: नमुने नियमित कुठून येतात आणि मायक्रोस्कोपवर आठवड्याला किती तास मिळतील. फिजी (चित्रं मोजण्याचं सॉफ्टवेअर) आणि थोडं पायथन प्रोग्रॅमिंग आधीच शिकून जा, कारण बहुतेक दिवस तंतूंच्या दिशा मोजण्यात जातात. ते मोजण्यापूर्वी फाइलींची नावं दुसऱ्या कुणाकडून सांकेतिक करून घ्या. कुठलं चित्र आजारी डोळ्याचं हे मोजणाऱ्याला सगळे आकडे भरून होईपर्यंत कळता कामा नये.