जनसंपर्कासाठी लोकांचं मत घेताना

जनसंपर्काचे अभ्यासक जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी १९८४ मध्ये जनसंपर्काचे चार प्रकार मांडले. त्यांतल्या दोहोंत संवाद दुतर्फा असतो. पण एकात लोकांचं ऐकून त्यांनाच पटवायचं असतं, दुसऱ्यात संस्थाही बदलायला तयार असते. म्हणून सर्वेक्षणाआधीच व्यवस्थापनाकडून लिहून घ्या: उत्तरांवरून नेमकं काय बदलता येईल? काहीच नसेल, तर विचारूच नका.

सर्वेक्षण कोणासाठी आहे आणि माहिती कुठे वापरणार, हे सुरुवातीलाच सांगा. ‘आमची सुधारलेली सेवा कशी वाटली?’ हा प्रश्न उत्तर आधीच सुचवतो, ‘सुधारलेली’ काढा. चार-पाच जणांच्या विभागाचे आकडे वेगळे छापू नका, नाव नसलं तरी माणूस ओळखू येतो. निष्कर्ष, नकोसे वाटणारेही, उत्तर देणाऱ्यांना कळवा. कोणती सूचना का नाकारली तेसुद्धा.