पाणी आलं म्हणून कालचं ओतू नका

"नळाला पाणी आलं!" अशी हाक उठली की बेळगावात वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत बऱ्याच घरी पहिलं काम एकच. पिंपातलं उरलेलं पाणी मोरीत ओतायचं. का, तर ते शिळं! राकसकोप आणि हिडकलच्या धरणांतून पंपांनी आणलेलं, शुद्ध केलेलं पाणी झाकून ठेवल्यावर दोन-चार दिवसांत नासत नाही. आमच्या सासूबाईंना हे पटवायला मला दोन उन्हाळे लागले.

तेव्हा सुरुवात पाण्याच्या आदल्या दिवशी करा. उरलेल्या पाण्यात कपडे भिजवा, फरशी पुसा, गाडी पुसा. तरीही उरलं तर बादल्यांत काढा. मग रिकामं पिंप काथ्यानं आतून घासा, विशेषतः पाण्याची रेष जिथे उमटते तिथे. डेंग्यूच्या डासाची अंडी त्या कडेलाच चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून ही घासणी आठवड्यातून एकदा हवीच. झाकण नसेल तर जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून बांधा.

आता गच्चीवरची टाकी. पन्हाळीतून धार अंगणात पडली की मोटार बंद करायची, ही पद्धत आमच्याही घरी होती. एकदा घड्याळ लावून बघा, टाकी भरायला किती वेळ लागतो. आमची 22 मिनिटांत भरते. 20 मिनिटांवर मोबाईलचा गजर लावला की काम झालं.

न्हाणीत बादली आणि तांब्याच बरा. साध्या शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जातं, म्हणजे दहा मिनिटांत पाच-सहा बादल्या. गॅस गीझरचं गरम पाणी येईपर्यंत जे गार पाणी वाहून जातं, त्याखाली बादली ठेवा. संडासाची फ्लशची टाकी जुनी असेल तर आत पाणी भरलेली एक लिटरची बाटली उभी करा, दर वेळी तेवढं पाणी वाचतं. फ्लश गुपचूप गळतोय का, हे बघायला टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि पंधरा मिनिटं कुणाला आत जाऊ देऊ नका. भांड्यात रंग उतरला तर गळतोय.

स्वयंपाकघरात फार काही करायला नको. भांडी वाहत्या नळाखाली न घासता घमेल्यात विसळा, तांदूळ धुतलेलं पाणी परड्यातल्या अळूला घाला. ज्यांच्याकडे आरओचं मशीन आहे त्यांनी मात्र एकदा त्याची बारीक नळी बादलीत सोडून बघावी. एक लिटर गोड पाण्यामागे दोन-तीन लिटर सहज बाहेर पडतं. त्यात क्षार जास्त, म्हणून झाडांना रोज घालू नका. फरशीला आणि भांड्यांच्या पहिल्या धुण्याला चालतं.

शेवटी गळका नळ. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला कित्येक लिटर. रात्री झोपताना त्याखाली तांब्या ठेवा. सकाळी तो भरून वाहत असेल तर नळ सोडवून जुना वायसर काढा आणि तो खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा. नुसतं "अर्ध्या इंचाचा द्या" म्हणून आणलेला माझा वायसर दोनदा चुकला होता.