अलंकार ओळखताना गोंधळ होतो? आधी हे बघा

सगळ्यात जास्त घोळ उपमा आणि उत्प्रेक्षेत होतो, त्यामुळे एकच वाक्य घेऊन ते फिरवून बघायचं, पाठांतरापेक्षा हे बरं. "तिचा आवाज मधासारखा गोड" म्हटलं की नुसतं साम्य, म्हणजे उपमा, सारखा, प्रमाणे, सम असले शब्द शोधा. "आवाज जणू मधच" म्हटलं की उत्प्रेक्षा, इथे जणू, गमे, वाटे, भासे येतात. आता "तिच्या आवाजाचा मध कानात ओतला", इथे दोन्ही एकच झालेत, रूपक. "हा आवाज नव्हेच, मध आहे" असं मूळ गोष्टच नाकारली की अपन्हुती, आणि "मधापेक्षाही गोड" म्हणून मधालाच मागे टाकलं की व्यतिरेक. झालं, पाच अलंकार एका मधात!

पण नुसत्या खुणेच्या शब्दावर जाऊ नका हं, "तुझ्यासारखा शर्ट मलाही हवाय" यात सारखा असून उपमा कुठेय?

श्लेष मात्र माझा आवडता. "सध्या माझे कर थकलेत" हे वाचा, हात दमलेत की टॅक्स भरायचा राहिलाय? शब्द एकदाच आलाय, अर्थ दोन. माझं दोन्ही खरंय, ते सोडा.